तापीवरचे तांडेल आप्पा

तांडेल आप्पांना पोहता येत नव्हतं. ही गोष्ट ते लपवत नसत. उलट नावेत पाय ठेवणाऱ्या प्रत्येक नव्या माणसाला आधी तेच सांगत. "तुम्ही पडलात तर मी उडी मारणार नाही, दोर टाकीन. तेव्हा हे जाकीट घाला." मग जाकिटाचे पट्टे स्वतः ओढून बघत.

सुरतेकडे नाव चालवणाऱ्या म्होरक्याला तांडेल म्हणतात. आप्पा मूळचे पारोळ्याकडचे. गावाला धड ओढाही नव्हता. तरुणपणी सुरतेला येऊन त्यांनी पस्तीस वर्षं लूमच्या खात्यात, म्हणजे यंत्रमागांच्या कारखान्यात, मागांची मास्तरकी केली. शंभर माग खडखडत असताना कुठला बिघडलाय हे त्यांना कानाने कळायचं. निवृत्त झाल्यावर त्यांनी एक जुनी फायबरची नाव घेतली, तिचं इंजिन स्वतः उघडून साफ केलं, आणि मोहल्ल्याने त्यांचं बारसं करून टाकलं.

मी अकोल्याहून साड्यांची डिझाइनं काढायला आलो होतो आणि सुरतेतल्या पर्वत पाटिया भागात त्यांच्या वरच्या खोलीत भाड्याने राहत होतो. पहिल्याच शनिवारी त्यांनी विचारलं, "रविवारी काय करता?" मी म्हटलं, "झोपतो." "नावेतही झोपता येतं," ते म्हणाले. त्यानंतर चार वर्षं माझे रविवार तापीवर गेले.

कामरेजच्या अलीकडून दोन-तीन नावा मिळून निघायच्या आणि नदीकाठच्या गळतेश्वराच्या देवळापर्यंत जायच्या. सोबत असायचे कांतिभाई, पूर्वी हिरे घासणारे, आता नातवंडांपासून पळून येणारे. कांतिभाईंना पुढे राहायची हौस, आप्पा कायम सगळ्यात मागे. घाई कधी नाही. दुपारी काठावर नावा लावून डबे उघडायचे. आप्पांच्या डब्यात त्यांच्या बायकोने, म्हणजे आमच्या मामींनी, दिलेली ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा, कांतिभाईंच्या डब्यात खमण. अर्धा तास मग वाटावाटी चालायची.

मामी मात्र कधी आल्या नाहीत. सुरतेत तापीचा मोठा पूर आला तेव्हा चार दिवस त्या गच्चीवर अडकल्या होत्या. "माले पाणीनं भेव लागस," एवढंच म्हणायच्या, आणि आप्पांनी त्यांना कधी दुसऱ्यांदा विचारलं नाही.

एका रविवारी परतताना आमची नाव मासेमाराने जाळ्यासाठी रोवलेल्या बांबूवर घासली. बांबू चांगला मनगटाएवढा जाड, भर उन्हात. तो माणूस काठावरून रागावला. आप्पांनी त्याची माफी मागितली आणि सुकाणू माझ्या हातात दिलं. "मला तो दिसलाच नाही," ते हळूच म्हणाले. डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. समोरचं दिसत होतं, बाजूचं गेलं होतं, आणि गेलेलं परत येणार नव्हतं.

"दुसऱ्यांचा जीव माझ्या हातात असतो, आता नाही चालवायची," असं म्हणून त्यांनी नाव बांधून ठेवली. आम्ही आग्रह केला, तरी मी चालवलेल्या स्वतःच्या नावेत किंवा कांतिभाईंच्या नावेत पाहुणा म्हणून यायला ते तयार नव्हते. रविवारी सकाळी आंघोळ करून, कपडे घालून, ओट्यावर बसून राहायचे. दोन महिने असे गेले.

मग एका रविवारी मी खाली उतरलो तर मामी चपला घालून दारात उभ्या. डबा हातात. आप्पांना म्हणाल्या, "उठा. मी येस संगे."

"तुला भीती वाटते ना?"

"वाटस. पण तुमले आठे बठेल देखाले त्यान्हापेक्षा जास्ती वाईट वाटस."

त्या दिवशी आप्पांची नाव मी चालवली. मामी आप्पांच्या शेजारी दोन्ही हातांनी फळी धरून बसल्या. गळतेश्वर येईपर्यंत डोळे उघडे होते, एवढीच त्यांची मजल. पण पुढच्या रविवारी त्या पुन्हा आल्या. तिसऱ्या महिन्यात कांतिभाई आमच्या नावेत येऊन बसले आणि त्यांनी मामींच्या हाती सुकाणू दिलं. "बेन, धीरे धीरे," ते सांगत राहिले. आप्पा मागे बसून इंजिनाचा आवाज ऐकत. "जोर जास्त झाला. कमी कर," म्हणायचे, आणि मामी कमी करायच्या. जलपर्णी कुठे साचलीय, बांबू कुठे आहेत, हे मामी बघत. भांडणंही झाली. एकदा मामींनी मधेच नाव थांबवून सांगितलं, "एक तर तुम्ही बोला, नाहीतर मी चालवते." आप्पा गप्प बसले. एवढं खूश होऊन गप्प बसलेला माणूस मी पाहिला नाही.

पुढे मला नाशिकला काम मिळालं. निघताना आप्पांनी माझं नावेतलं जाकीट सामानात बांधून दिलं. म्हणाले, "तिकडे गोदावरी आहे. कोणीतरी नाववाला शोधा." मी अजून शोधलेला नाही, पण रविवारी झोपून राहणं मात्र सुटलं.

परवा रविवारी फोन केला. आप्पांनीच उचलला. मी विचारलं, "आज घरी कसे? बरं आहे ना?"

"बरा आहे. चहा करतोय. मामी गल्लीतल्या बायकांना घेऊन गळतेश्वरला गेलीय," ते म्हणाले. आवाजात हसू मावत नव्हतं. "मलाही जायचं होतं. पण नाव भरली, म्हणे."