पतंगाला बांधायचा कॅमेरा

कॅमेरा घेताना लोक काच पाहतात, बनावट पाहतात. मी तागडी घेऊन बसलो होतो. तागडी घरचीच होती. वडील तिच्यात वांगी आणि मिरच्या तोलून बाजाराला न्यायचे.

महाराष्ट्र राज्य तेव्हा नवंनवं होतं. मी बी.एस्सी. होऊन मेहकर तालुक्यातल्या आमच्या गावी परतलो होतो आणि ज्या शाळेत शिकलो त्याच शाळेत विज्ञान शिकवत होतो. आमच्या घरात माझ्याआधी कोणी चौथीच्या पुढे गेलं नव्हतं. मी थेट कॉलेजात गेलो तो मुख्याध्यापकांमुळे. मॅट्रिकच्या वर्षी ते स्वतः आमच्या मळ्यात आले, वांग्यांच्या वाफ्यात चिखलात उभे राहिले आणि वडिलांचा होकार घेतल्याशिवाय हलले नाहीत. वर्गात मला 'गाढवा' म्हणणारे सर, मी मास्तर झाल्यावर मात्र 'तुम्ही' म्हणू लागले. गाढव असताना मला त्यांना नाही म्हणता आलं असतं. 'तुम्ही' झाल्यावर ते जमत नव्हतं.

त्या वर्षी सरांच्या मनात आलं की सव्वीस जानेवारीला शाळेच्या मैदानावर चुन्याने नव्या राज्याचा नकाशा आखायचा, त्याच्या आत सगळी मुलं उभी करायची आणि वरून फोटो काढून तो ऑफिसात लावायचा. कल्पना सुंदर होती. अडचण 'वरून' या शब्दात होती. शाळेला माडी नव्हती. मैदानात एक कडुनिंब होता, पण त्यावर चढलेल्या माणसाला फार तर मराठवाडा दिसला असता.

सरांनी माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही बी.एस्सी. आहात," ते म्हणाले.

गावात या तीन अक्षरांचा अर्थ फार लांबवर गेला होता. रेडिओ खरखरला की मला बोलावणं यायचं, इंजिन पाणी ओढेना झालं तरी मलाच. मी दोन दिवस विचार केला आणि सरांना सांगितलं, पतंग. संक्रांतीचा वारा अजून आहे. कापडाचा मोठा पतंग करू, त्याच्या दोरीला कॅमेरा टांगू.

कापड म्हणून वडिलांचं एक विरलेलं धोतर मिळालं. देताना ते म्हणाले, "ने. सोळा वर्गं शिकला, आता बापाचं धोतर उडव गावात."

पतंग झाला. तो काय उचलतो ते पाहण्यासाठी पहिल्या दिवशी आम्ही त्याला एक कवठ बांधलं. कवठ घ्यावं ही माझ्या बायकोची सूचना. तिचं माहेर शेगावचं, लग्नाला अजून वर्ष व्हायचं होतं, आणि मी जे काही करतो त्यावर तिचं मत तयार असायचं. कवठ वर गेलं, थोडा वेळ आभाळात राहिलं आणि वारा पडताच धाडकन खाली आलं. तिने फुटलेलं कवठ उचललं, आतला गर बघितला आणि म्हणाली, "चटणी होते याची. कॅमेऱ्याची काय होते?"

म्हणून हलका कॅमेरा पाहिजे होता. जेवढा हलका तेवढा पतंग नीट उडेल, आणि पडला तरी हळू पडेल.

पहिल्यांदा मी मेहकरला फोटोवाल्याकडे गेलो. त्याचा कॅमेरा लाकडी, तीन पायांचा, मागे काळं फडकं. मी काय विचारतोय हे त्याला कळायला वेळ लागला. कळल्यावर त्याने डोकं फडक्याबाहेर काढलं. "गुरुजी, याले उडवाचं असन तं आधी मले उडवा. मी त्याच्यापेक्षा हलका हाय."

दुसरा कॅमेरा सरांचा स्वतःचा. दोन डोळ्यांचा, परदेशी, चामड्याच्या पेटीत. त्यांनी तो मोठ्या मनाने पुढे केला. "न्या. राज्याच्या कामाला नाही तर कशाला?" असं म्हणताना पेटीचा पट्टा त्यांनी हातातून सोडला नव्हता. मी पेटी माझ्याकडे ओढली, ती त्यांच्याकडे गेली. शेवटी ते स्वतःच कॅमेरा घेऊन आमच्या घरी आले आणि तागडीजवळ खुर्ची मांडून बसले.

एका पारड्यात परदेशी काच, दुसऱ्यात भरताची वांगी. वडील एकेक वांगं टाकत होते. पारडं हलेना. टोपलीचा तळ दिसू लागला तेव्हा वडील म्हणाले, "सर, तुमच्या कॅमेऱ्यात गावजेवन होते."

सरांचा चेहरा एकदम मोकळा झाला. "जड आहे," ते म्हणाले. "फारच जड आहे." आणि पेटीचं बटण त्यांनी इतक्या झटकन लावलं की आवाज झाला.

उरला तो बायकोचा. हा कॅमेरा म्हणजे एक काळा डबा. पुढे भिंगाचा एक डोळा, बाजूला एक खटका, वर पाहायला काचेची खिडकी. तिचा मोठा भाऊ शेगावात लॉजपाशी यात्रेकरूंचे फोटो काढायचा. त्याने नवा कॅमेरा घेतला तेव्हा हा बहिणीला दिला. लग्नात आलेली भांडी घरात मिसळून गेली होती, पातळं जावांनी नेसून पाहिली होती. कॅमेरा तेवढा तिचा होता. लुगड्याच्या घडीत ठेवायची आणि मला हात लावू द्यायची नाही. फोटो मात्र ती माझ्यापेक्षा चांगले काढायची. मला भिंगाचं सूत्र पाठ होतं, तिला ऊन कुठून येतं ते दिसायचं.

पारड्यात तो ठेवला तर तीन वांग्यांत काटा सरळ झाला.

मला तर हर्षच झाला. मी तिला समजावून सांगू लागलो की पतंगावर बसून फोकस जुळवायला कोणी नसतं, वरून सगळंच लांब असतं, म्हणून ज्या कॅमेऱ्यात काही जुळवायचंच नसतं तोच बरा. महागाचा कॅमेरा तिथे शहाणपणा करायला जाईल. साधा डबाच हवा.

"डबा?" ती म्हणाली.

मी शब्द मागे घेतला, पण उशीर झाला होता. पुढचे दोन दिवस भाजीत मीठ बेताचं होतं आणि बोलण्यात जास्त. तिसऱ्या दिवशी सर घरी आले. त्यांनी तिला काही मागितलं नाही. ओसरीवर बसून चहा घेतला आणि नकाशात प्रत्येक वर्ग कुठे उभा राहणार ते सांगितलं. पाचवी कोकणात, सहावी देशावर, आणि असंच पुढे. ते गेल्यावर तिने लुगड्याची घडी उघडली.

"देते," ती म्हणाली. "पन हा फुटला तं मी शेगावले जाईन. आनि तुमी घ्यायले आले तं कवठ घेऊन या, कॅमेऱ्याच्या जागी ठेवाले."

ती हसत होती. तरी कॅमेरा माझ्या हातात देताना तिने तो लगेच सोडला नाही. सरांच्या पट्ट्यासारखंच झालं. फरक एवढाच की या वेळी मला ओढायचा धीर झाला नाही.

वर गेल्यावर खटका दाबायचा कसा, हा प्रश्न मी उदबत्तीने सोडवला. खटक्याला रबर ताणून बांधायचं, ते एका दोऱ्याने अडवून धरायचं आणि दोऱ्याला पेटती उदबत्ती लावायची. उदबत्ती जळत दोऱ्यापर्यंत आली की दोरा तुटतो, रबर सुटतं, खटका दाबला जातो. घरात मी हे इतक्या वेळा करून पाहिलं की आई एकदा आत येऊन हात जोडून गेली.

सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झालं. चुन्याचा नकाशा झकास उतरला होता. मुलं आपापल्या वर्गाप्रमाणे उभी राहिली. गावातली माणसं कडेने होती, बायका शाळेच्या ओसरीत. माझी बायको त्यांच्यात, पदर डोक्यावरून घेऊन. मी कॅमेरा तोंड खाली करून दोरीला बांधला, उदबत्ती पेटवली आणि पतंग सोडला. धोतर भरलं. कॅमेरा कडुनिंबाच्या शेंड्याच्या वर गेला, मग त्याच्याही बराच वर. सर मान मागे टाकून पाहत होते. त्यांचे डोळे भरून आले होते. ऊनही होतं, पण तेवढ्याने नव्हे.

सगळा गाव वर पाहत असताना माझे वडील खाली पाहत होते. नवं राज्य त्यांना मनापासून पटलं नव्हतं. नागपूर राजधानी होती तेच बरं, मुंबईला कोण जातो, असं त्यांचं मत, आणि ते बाजारात, पारावर, कुठेही सांगायचे. थोरल्या भावाचा मुलगा पाचवीत. आपला नातू समुद्राकाठी काटेरी कुंपणाजवळ उन्हात उभा आहे आणि वऱ्हाड कडुनिंबाच्या सावलीत आहे, हे त्यांनी पाहिलं. ते सरळ नकाशात शिरले.

"काऊन बे, परमुलुखात काय करून राह्यला? आपल्या घरी चाल." त्यांनी त्याचा हात धरला आणि त्याला आणून वऱ्हाडात उभा केला.

एकाच्या आजोबांनी केलं म्हटल्यावर बाकीचे का मागे राहतात? "माहा पोट्टा पुन्यात काऊन?" "अन् माहा?" माणसं नकाशात घुसून आपापली लेकरं घरी आणू लागली. ज्यांना आणायला कोणी नव्हतं ती मुलं सावली पाहून स्वतःच आली. सर आभाळाकडे पाहत होते, मी दोरीकडे. राज्याचा अर्धा भाग आमच्या मागे उठून वऱ्हाडात गेला आणि आम्हा दोघांना पत्ता नाही.

तेवढ्यात वारा पडला.

धोतराचं पोट आत गेलं, दोरी हातात सैल झाली. कॅमेरा खाली येऊ लागला. मला भौतिकशास्त्रातलं पुष्कळ आठवलं, पण हातांनी काय करायचं ते आठवेना. मी तसाच उभा.

"अहो!" ओसरीतून आवाज आला. "अहो, ओढा! मांगं पळा!"

सरांनी मान वळवली. सरपंचांनी वळवली. वडिलांनीसुद्धा वळवली. मैदानात लग्न झालेला जेवढा पुरुष होता तेवढ्याने मागे पाहिलं, एक मी सोडून. "अहो" तर प्रत्येकाच्याच घरात असतो.

मग तिने माझं नाव घेतलं.

आमच्याकडे बायकोने नवऱ्याचं नाव घ्यायचं ते हळदीकुंकवाला, यमक जुळवून, लाजून. हिने भर मैदानात, गावासमोर, सासऱ्यासमोर, मोठ्याने घेतलं. मागे ना 'राव', पुढे ना चांदीचं ताट. नुसतं नाव, आणि त्यापाठोपाठ, "पळा म्हनते ना!"

मी पळालो. आयुष्यात तसा पळालो नाही. दोरी ओढत मागे पळालो तसं धोतर पुन्हा थोडं फुगलं, कॅमेऱ्याचा वेग मोडला, आणि तो झोके खात पश्चिमेच्या कुंपणावर उतरला. बोरीच्या काट्यांत अडकून राहिला. माझ्याआधी ती तिथे पोचली होती. पदर खांद्यावर, एक चप्पल ओसरीत. तिने काटे बाजूला करून कॅमेरा सोडवला, भिंग पाहिलं, डब्याच्या चारही बाजू बोटाने चाचपल्या. एका अंगाला काळं कातडं ओरखडलं होतं. दोरा जळून तुटला होता, रबर सुटलेलं होतं.

मैदानातल्या सगळ्या माना कुंपणाकडे वळल्या. सगळ्यांना कॅमेऱ्याचं काय झालं ते हवं होतं, की तिने घेतलेल्या नावाचं, ते सांगता येत नाही. वडिलांकडे मी पाहिलंच नाही.

"काच ठीक हाय," ती म्हणाली. "खटक्याचं सांगता येत नाई. उभे राहा तिथं."

"कुठे?"

"तिथंच. मोकळी जागा हाय तं."

मी मागे पाहिलं आणि तेव्हा मला कळलं की कोकण रिकामं आहे. चुन्याची किनारपट्टी होती आणि आत एक मूल नव्हतं. सरांनाही ते त्याच क्षणी दिसलं. त्यांनी एकदा किनारपट्टीकडे आणि एकदा वऱ्हाडातल्या दाटीकडे पाहिलं. मी धापा टाकत रत्नागिरीच्या आसपास उभा राहिलो. तिने फिल्म पुढे फिरवली, कॅमेरा पोटाशी धरला, खिडकीत वाकून पाहिलं.

"हालू नका," ती म्हणाली, आणि मग जरा हळू, "अहो."

वडिलांनी घसा खाकरला. "आता काऊन अहो?" ते म्हणाले. "नाव तं पाठ हाय तुले." आणि पहिल्यांदा तेच हसले. मग गाव हसला.

खटका वाजला.

आठवड्याने मेहकरहून फोटो आले. पतंगावरचा फोटो तिरका, एका कोपऱ्यात पुसट, पण आला होता. त्यात महाराष्ट्र होता. पश्चिमेकडे ओसाड आणि पूर्वेकडे असा फुगलेला, की पाहणाऱ्याला वाटावं राज्याने वऱ्हाडात हुरडा जास्त खाल्ला. सरांनी तो चौकट करून ऑफिसात लावला. खाली काय लिहावं यावर त्यांनी बराच विचार केला आणि काही लिहिलं नाही. वडील मात्र मळ्यात आलेल्या पाहुण्यांना मुद्दाम शाळेत नेऊन दाखवत. "शिकलेल्या मानसाचं काम हाय," ते म्हणत, "इज्ञानानं काढलेला हाय. पाहा, वऱ्हाड केवढं."

दुसरा फोटो, माझा, अगदी स्वच्छ आला होता. तो तिने कोणाला दाखवला नाही. कॅमेऱ्याबरोबर लुगड्याच्या घडीत ठेवून दिला, आणि घडीला मला हात लावू द्यायची नाही, ते पहिल्यासारखंच.