साध्या गाडीतले साहेब

शेलूबाजार ते मंगरूळपीर मी चोवीस वर्षं सवारीची जीप चालवली. शाळा चौथीतच सुटली, पण गाडी चालवण्यात माझा हात धरणारा कोणी नव्हता. आणि एवढ्या वर्षांत माझ्या नावानं पोलिसाची एक पावती फाटली नाही.

फार कायद्यानं चालत होतो असं नाही. तवा पोलिसाची गाडी लांबूनच ओळखू यायची. समोरून येणारा जीपवाला दोनदा लाईट मारायचा, म्हणजे समजायचं, पुढं साहेब आहेत. मग मी जास्तीच्या सवाऱ्या उतरवायचो. त्या साहेबासमोरून पायी जायच्या आणि वळणापलीकडं परत चढायच्या.

एकदा जमादारानं एका बुढीला अडवलं. "काहून वं माय, आज सारं गाव पायदळ जाऊन राह्यलं?"

"देवाले चाललो बापा."

"जा, जा. देव वळणावर थांबला असंन, हारन वाजवते तो."

सारे हसले, तोही हसला. तशी माणसं होती, दोन्हीकडं.

यंदा उन्हाळ्यात त्याच जीपमधी हळद भरून मार्केटला निघालो होतो. समोरच्या टेम्पोनं दोनदा लाईट मारली. लई बरं वाटलं, हा रिवाज अजून जित्ता आहे म्हणून. पण पुढं पोलीस काही दिसेना. एक पांढरी गाडी तेवढी कडेला उभी, आत मान खाली घालून बसलेला एक तरणा माणूस. परगावचा दिसतो, सांगून द्यावं, म्हणून थांबलो.

"ओ भाऊ, पुढं फाट्यावर पोलीस हायेत. बेल्ट लावून घ्या."

तो दार उघडून उतरला. अंगात खाकी.

"काका, पोलीस इथंच आहेत. तुमचा बेल्ट कुठं आहे?"

माझा बेल्ट शीटमागं गाठ मारून ठेवलेला. त्यानं माझ्या पांढऱ्या मिशांकडं पाहिलं. "जा काका. वय झालं तुमचं, सोडून देतो."

हे मात्र लागलं मला. आजवर सुटलो ते आपल्या अकलेनं. म्हातारा म्हणून कोणी सोडलं नव्हतं.

"वय नोका पाहू साहेब. फाडा पावती."

"आता फाडत नाहीत काका, मोबाईलवर जाते."

गाडीच्या कागदावर मोबाईल नंबर लेकाचा. त्याला दंड झाला की मी चार लोकांत माझ्या चोवीस वर्षांचं ऐकवायचो. तरी म्हटलं, "पाठवा."

सांजेला घरी आलो तर लेक फोन धरून दारातच उभा. हसू दाबत म्हणाला, "बाबा, हे चलान आपल्याच जीपचं हाय काय?"

"आपल्याच जीपचं," म्हटलं. "तो देत नव्हता, म्या मांगून घेतलं."