मंडळाची खुर्ची परत मिळणार नाही

मीनल गेल्याचा फोन आला तेव्हा मी गराजात आमच्या मराठी मंडळाचे पणत्यांचे खोके लावत होते. तिची आई सुधा, माझी जुनी मैत्रीण, ‘गेली गं…’ एवढंच म्हणाली. मी आधी रडले नाही, चिडले. शेजारच्या मतदारसंघातून अमेरिकी काँग्रेसमध्ये निवडून गेलेली, पन्नाशीही न गाठलेली ही पोर काम अर्धवट टाकून जाते म्हणजे काय! शोकसभेत सगळे तिला शांत आणि सुस्वभावी म्हणाले. साफ खोटं. मीनल भांडकुदळ होती, आणि म्हणूनच मला आवडायची.

गृहसुरक्षा खात्याला निधी कशासाठी आणि कोणत्या अटींवर द्यायचा हे ठरवणाऱ्या समितीवर ती होती. आमच्या नेपरव्हिल गावाहून गाडीने दोनेक तासांवर, मक्याच्या शेतांत, कागदपत्रं नसलेल्या लोकांना डांबून ठेवायचं एक केंद्र आहे. त्या खात्यासाठी ते चालवते खासगी कंपनी. आधी न कळवताही खासदाराला आत जाता येतं, निधीच्या कायद्यातच तसं कलम होतं. तरी तिला गेटवर अडवलं. दुसरी कुणी पत्रक काढून मोकळी झाली असती. ही तडक माझ्याकडे आली. ‘काकू, एक चेअर देतेस?’ इथेच जन्मलेली, त्यामुळे अहो-जाहो तिला कधी जमलंच नाही. हाताला लागली ती लोखंडी घडीची खुर्ची मी दिली. ती खुर्ची गेटसमोर बर्फात मांडून मीनल बसली, आणि मग दर शुक्रवारी बसत राहिली.

आता आमच्या खुर्च्या हॉलवाल्यांच्या खुर्च्यांत मिसळू नयेत म्हणून प्रत्येकीच्या पाठीवर मंडळाचं नाव रंगवलेलं, मराठीत आणि इंग्रजीतही. ते माझ्या डोक्यातच आलं नाही. फोटो सगळीकडे झळकला आणि मंडळाची झोप उडाली. अध्यक्ष विवेक धावत आला. ‘काकू, यार, अर्ध्या लोकांच्या व्हिसाच्या फाइल्स पेंडिंग आहेत. आपलं नाव कशाला त्यात? आत आपल्यातलं कोणी आहे का?’ हा प्रश्न मी मीनलला पोचवला. ती हातमोजे काढत म्हणाली, ‘आय डोन्ट नो, काकू. आत सोडलं तर कळेल ना!’

शेवटी सोडलं. आत इन्सुलिनवाचून पाय काळानिळा पडलेला एक म्हातारा माळी सापडला, ग्वाटेमालाचा. तिने आरडाओरडा केला तेव्हा कुठे तो दवाखान्यात पोचला. पुढे निधीचं नवं विधेयक आलं. त्यात आमच्या मुलांच्या रखडलेल्या ग्रीन कार्डांची सोय होती, पण ते गेटचं कलम मात्र गुपचूप काढलेलं. मीनलने विरोधात मत दिलं, विधेयक अगदी थोड्या मतांनी पडलं. नंतरच्या विधेयकात कलम परत आलं, मुलांची सोय गळली. विवेकची मुलगी एकवीस पूर्ण होताच बापाच्या ग्रीन कार्डाच्या रांगेबाहेर फेकली गेली आणि कॅनडाला गेली… त्याच्या रागाला मी नावं ठेवणार नाही. मीनल स्वतः त्याच्या घरी गेली, सगळं ऐकून घेतलं. ‘तिच्यासाठी मी परत बिल आणीन,’ म्हणाली, ‘पण ते गेट बंद करून नाही.’ तिने ते आणलंही. ते समितीत पडून राहिलं आणि तिला कॅन्सरने गाठलं.

त्या वर्षी मंडळाने दिवाळीची प्रमुख पाहुणी म्हणून तिला बोलावलं होतं, ते कॅन्सल केलं. बाई तरी आली. केमोने गेलेल्या केसांवर रुमाल बांधून मागच्या रांगेत बसली आणि चकली खात मला म्हणाली, ‘गेस्ट नाही, मग भाषण पण नाही. बेस्ट!’ तिच्या मताने कुणाचं भलं झालं, कुणाचं नुकसान, यावर आमच्याकडे अजून वाद होतात. होऊ देत. मला विचाराल तर तिने बरोबर केलं, आणि हे मी विवेकच्या तोंडावर सांगितलंय.

गेल्या आठवड्यात त्याचा मेसेज आला, मंडळाची खुर्ची परत जागेवर ठेवा म्हणून. नाही ठेवणार. शुक्रवारी ती माझ्या गाडीच्या डिकीत असते. मी खासदार नाही, मला आत जायचा काडीचा हक्क नाही, गुडघेही कुरकुरतात. तरी गेटसमोर ती उघडते, मंडळाचं नाव रस्त्याकडे करते आणि बसते. परवा पहारेकऱ्याने जवळ येऊन विचारलं, ‘मॅडम, आत तुमचं कोण आहे?’

म्हटलं, ‘आत सोडा, मग सांगते.’