सकपाळांच्या लग्नातलं धुकं

पोलादपूरच्या सकपाळांच्या थोरल्या मुलीच्या लग्नाच्या व्हिडिओत पहिल्यापासून शेवटपर्यंत जे धुकं दिसतं, ते मी पाडलेलं आहे.

हे एवढं वाक्य लिहायला मला सहा वर्षं लागली. या सहा वर्षांत कोणी धुक्याचा विषय काढला की मी पाणी प्यायला उठायचो. आता वय चौऱ्याहत्तर झालं, आणि दर वेळी एवढं पाणी झेपत नाही. म्हणून एकदा सगळं खरं लिहून टाकतो.

मी महाडचा. चौतीस वर्षं धान्य गोदामात गोदामपाल होतो. माझ्या हाताखालच्या तांदळाला पोरकिड्यांनी कधी तोंड लावलं नाही, हा माझ्या आयुष्यातला एकमेव पराक्रम. निवृत्तीनंतर गोदाम सुटलं, पण हात स्वस्थ बसेनात. घरात कुठेही उघडा तांदूळ दिसला की मी एरंडेलाची बाटली आणि बोरिक पावडर घेऊन हजर! शेजारीपाजारी मला लांबून बघून डबे झाकायचे.

आमची सून मृणाल. मुलगा मुंबईला नोकरीत, शनिवार-रविवारी येणारा. ही इथे आमच्याबरोबर. तिने एक दिवस जाहीर केलं, "बाबा, मी लग्नांचं शूटिंग करणार."

"कोणाच्या लग्नांचं?"

"ज्यांची होतील त्यांच्या!"

कॅमेरा घेतला तो जुना, महाडच्या बाजारातल्या मुनीरभाईंकडून. मुनीरभाई बारा वर्षं कतारला होते. परत येऊन त्यांनी जुने कॅमेरे आणि त्याला लागणाऱ्या सटरफटर वस्तूंचं दुकान टाकलं. माणूस असा की गिऱ्हाइकाला महागाची वस्तू घेऊच द्यायचा नाही. "वहिनी, हे रिफ्लेक्टर कशाला घेता? गाडीच्या काचेला उन्हाला लावतात ना, तो चंदेरी पडदा घ्या. उजेडाला काय कळतंय?" सरकत्या शॉटसाठी त्यांनी खिडकीच्या पडद्याचा अ‍ॅल्युमिनियमचा चॅनेल कापून त्यावर कॅमेरा घसरवायची सोय करून दिली. माईकला वारा लागू नये म्हणून केसाळ टोपडं दिलं. (ते पहिल्या दिवशी टेबलावर बघून आमच्या हिने झाडू उचलला होता. घूस समजून दोन तडाखे दिलेही.) आणि शेवटी कागदात गुंडाळून एक लेन्स दिली. 'पन्नासची' म्हणतात तिला. चेहरे त्यात इतके स्वच्छ दिसायचे की माझ्या नाकावरचा चामखीळ मी प्रथम नीट पाहिला.

"काका," मुनीरभाई मला म्हणाले होते, "काच जुनी आहे, पण माझ्या नावावर घेऊन जा. फक्त ओल लागू देऊ नका. आपल्या महाडच्या हवेत काचेला बुरशी धरते. घट्ट डब्यात, ओल शोषणाऱ्या पुड्यांमध्ये ठेवा."

त्या पुड्या संपल्यावर मृणालने इंटरनेटवर वाचलं की कोरडा तांदूळही ओल शोषतो. तिने लेन्सची दोन्ही झाकणं काढली (आतली ओल निघावी म्हणून), मलमलच्या फडक्यात पुरचुंडी बांधली आणि तांदळाच्या स्टीलच्या डब्यात पुरून डबा आपल्या कपाटात ठेवला. हे तिने मला सांगितलं नाही. का सांगावं? तांदळाच्या डब्याबद्दल सासऱ्याला कोण सांगतं?

लग्नाच्या दोन दिवस आधी मी त्या कपाटात छत्री शोधायला गेलो.

कपाटात तांदूळ! मी हादरलोच. सूनबाई तांदूळ कपाटात ठेवून विसरली, आणि किडे पडले तर नाव कोणाचं जाणार? माझं! मी डबा उघडला, आत हात घातला, तर हाताला पुरचुंडी लागली. टणक, गोल. मला भरून आलं. किडे लागू नयेत म्हणून मी घालतो तशी पोरीने खडेमिठाची पुरचुंडी घातली होती! माझ्याकडे बघून शिकली! फक्त एरंडेल लावायला विसरली होती. मग मी कसर ठेवली नाही. दोन्ही हातांनी दाणा न् दाणा चोळला. बोरिक पावडर भुरभुरवली. आणि पुरचुंडीला जरा जास्तच तेल चोपडलं, कारण ती मधोमध असते, तिथून तेल चहूकडे जातं. झाकण लावलं आणि समाधानाने हात धुतले. कौतुक करायचं होतं, पण म्हटलं लग्न होऊ दे, तिच्या डोक्याला आधीच व्याप.

सकपाळांचं लग्न ही तिची पहिली ऑर्डर. त्यांची धाकटी मुलगीही लग्नाची होती आणि भावकी मोठी; हे काम चांगलं झालं तर पोलादपूरची निम्मी लग्नं मृणालकडे येणार होती. बिघडलं तर काय, तेही तिनेच मला सांगितलं होतं, "बाबा, मग मी कॅमेरा परत करून गप्प घरी बसेन."

मी तिच्याबरोबर गेलो, चंदेरी पडदा धरायला. मांडवात पोचायला उशीर झाला होता. तिने घाईत पुरचुंडी सोडली, काचेला काही लागल्यासारखं वाटलं म्हणून त्याच फडक्याने पुसली (म्हणजे तेल सगळीकडे एकसारखं पसरवलं!) आणि लेन्स चढवली. कॅमेऱ्याची खिडकी काडेपेटीएवढी, त्यात सगळं ठीक दिसलं. फक्त लेन्स फिरवली की करकर आवाज यायला लागला. मंगलाष्टकं चालू असताना गुरुजी थांबले आणि म्हणाले, "मागे कोण दळतंय?"

मीही मागे वळून बघितलं. देवाशपथ, मला तेव्हा काहीच कळलं नव्हतं.

आठ दिवसांनी सकपाळांच्या घरी भिंतीवरच्या मोठ्या टीव्हीवर व्हिडिओ लावला. जोडकाम मृणालने मोबाईलवरच केलं होतं; मोठ्या पडद्यावर तीही पहिल्यांदाच बघत होती. ओसरीत तीसेक माणसं. चहा झाला, लाडू झाले आणि पडद्यावर धुकं आलं.

"सकाळचं धुकं हाय," सकपाळ कौतुकाने म्हणाले. "काय सुरेख धरलंय!"

पुढचं दृश्य आलं. धुकं होतं. हळद. धुकं! दुपारचे बारा, भर मांडव, धुकं!

"अरे, ह्यो धूर कसला?" सकपाळांची म्हातारी आई ओरडली. "मांडव पेटला व्हता काय?"

"आये, धूर नाय, धुकं हाय."

"भर दुपारी? आनि मला कसं नाय दिसलं?"

"तुला तसंबी काय दिसतंय!"

आत्याबाई टीव्हीला नाक लावून बसल्या. "नवरी कंची गो ह्यातली?"

"ती काय, हिरव्या शालूतली."

"मग तिच्या बाजूचा ह्यो हिरवा कोन?"

"तो केळीचा खांब."

"आनि नवरा?"

"नवरा... थांब... त्यो बहुतेक फ्रेममधी नाय. नाय नाय, हाय! खांबाच्या मागचा पिवळा!"

तेवढ्यात पडद्यावर जेवणाच्या पंगतीत म्हातारी स्वतः आली. मागचा दिवा तेलातून असा फाकला होता की तिच्या डोक्यामागे हे एवढं तेजाचं वर्तुळ! म्हातारीने दोन वेळा डोळे चोळले.

"माज्या डोक्यामागं देवाच्या फोटूत असतो तसा उजेड कुनी लावला?" ती कडाडली. "मी जित्ती हाय अजून!"

मृणालचा चेहरा पांढरा पडला होता. सकपाळ काही वाईट बोलले नाहीत, नुसतं म्हणाले, "ऱ्हाऊ दे पोरी. धाकटीच्या वेळी आमी बघू कायतरी." त्यापेक्षा शिव्या परवडल्या असत्या. महाडला परत येताना पोरगी गाडीतच पिशवीतून कॅमेऱ्याचं बिल शोधत होती.

आणि मी? मी पेटलो होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी तिला घेऊन थेट मुनीरभाईंच्या दुकानात. दुकानात चार गिऱ्हाइकं होती, मी बघितलं आणि आवाज आणखी चढवला.

"मुनीरभाई, धंदा करता की फसवणूक? 'माझ्या नावावर घेऊन जा' म्हणालात! हेच का तुमचं नाव? बुरशीची काच गळ्यात मारलीत! पोरीचं वाटोळं झालं!"

"बाबा, हळू," मृणाल म्हणाली.

"का हळू? सगळ्या बाजाराला कळू दे!"

बाजाराला कळलं. एक गिऱ्हाईक हातातली लेन्स हळूच खाली ठेवून निघूनही गेलं.

मुनीरभाईंनी लेन्स घेतली, दिव्याखाली धरली. बोटाने पुसली. मग नाकाशी नेली.

"काका, ही बुरशी नाही. तेल आहे. कसलं बरं... माझी आजी पोट साफ व्हायला द्यायची, तसा वास येतोय."

मी दोन्ही हात खिशात घातले. त्यांनी लेन्स पांढऱ्या कागदावर उलटी करून टकटक केली. मागच्या खाचेतून तांदळाचा एक दाणा टपकला.

"अक्षता," मृणाल म्हणाली. "लग्नात उडाली असेल."

अक्षता कुंकवात रंगवलेल्या होत्या. हा दाणा पांढरा होता. आखूड, पोटाला जरा फुगीर, तेलाने चकचकीत. चौतीस वर्षं मी तांदूळ ओळखून पगार घेतला. हा दाणा दर वर्षी नाते गावाहून आमच्याकडे येणाऱ्या पोत्यातला होता, आणि त्याला ज्या सफाईने एरंडेल लावलं होतं, तसं लावणारा अख्ख्या तालुक्यात एकच माणूस होता.

मुनीरभाई माझ्याकडे बघत होते. सून माझ्याकडे बघत होती. उरलेली तीन गिऱ्हाइकंही बघत होती.

मी म्हणालो, "अक्षताच आहे."

मुनीरभाईंनी वाद घातला नाही. "शक्य आहे," म्हणाले, "मला विकणाऱ्याने चकाकी यावी म्हणून तेल लावलं असेल, आणि मी नीट बघितलं नाही. चूक माझी. वहिनी, ही दुसरी घ्या." एवढ्यावर न थांबता सकपाळांकडच्या सत्यनारायणाला ते स्वतः पोलादपूरला आले. नवरानवरीला पुन्हा शालू-फेटा चढवून दिवसभर शूटिंग करून दिलं. म्हातारीचं वेगळं घेतलं, मागे एकही दिवा न ठेवता. सकपाळ खूश झाले, धाकटीचं काम मृणालला मिळालं. आज तिच्याकडे लग्नसराईत तारीख मिळत नाही.

पण मुनीरभाईंच्या दुकानातली गर्दी कमी झाली ती झालीच. बाजारात माझा आवाज पोचला होता, दाणा पोचला नव्हता. त्यांनी ती लेन्स साफ करून काचेच्या कपाटात ठेवली. नवीन गिऱ्हाईक आलं की दाखवायचे, "ही मी न तपासता विकली होती. तेव्हापासून प्रत्येक काच वास घेऊन देतो." आणि खरोखर वास घेऊन द्यायचे! लोक हसायचे. मी एकदा हे डोळ्यांनी बघितलं आणि त्या रात्री जेवलो नाही.

माफी मागायला मी गेलो नाही असं नाही. पहिल्यांदा गेलो तेव्हा चहा आला, गप्पा झाल्या, आणि मी एक ट्रायपॉड घेऊन परत आलो. दुसऱ्यांदा गेलो, शब्द ओठांवर होते, तेवढ्यात ते म्हणाले, "काका, काही हवं होतं?" मी घाबरून म्हणालो, "ट्रायपॉड." पुढे गोल दिवा, धूळ उडवायचा रबरी फुगा, काच पुसायची फडकी, कॉलरला लावायचा छोटा माईक, सगळं आलं. माझ्याकडे कॅमेरा सोडून सगळं होतं! मृणाल हिला म्हणाली, "आई, बाबांना या वयात शूटिंगचा नाद लागलाय." ही म्हणाली, "लागू दे. तांदूळ तरी चोळत नाहीत."

गेल्या वर्षी मुनीरभाईंनी दुकान बंद केलं आणि मुलाकडे पनवेलला गेले. मला वाटलं, सुटलो. उलट झोप उडाली. शेवटी गेल्या महिन्यात, सून आणि ही बाजारात गेलेल्या बघून, मी मृणालचा कॅमेरा माझ्या ट्रायपॉडवर चढवला. गोल दिवा लावला. कॉलरला माईक खोचला. आणि बोललो. पुरचुंडी, एरंडेल, दाणा, सगळं हातांनी करूनही दाखवलं. हात जोडले. कान धरले. डोळे पुसले. बारा मिनिटं! सहा वर्षांचं ओझं उतरलं. संध्याकाळी मृणालला म्हणालो, "हे न बघता मुनीरभाईंना पाठव." गुणी पोर. न बघता पाठवलं.

दुसऱ्या दिवशी मुनीरभाईंचा फोन.

"काका, व्हिडिओ बघितला. घरात सगळ्यांनी बघितला. चित्र एकदम स्वच्छ हो! पण आवाजच नाही."

"आवाज नाही?"

"अजिबात नाही. तुम्ही बाटलीतून काहीतरी ओतताय, दोन्ही हातांनी चोळताय, मग कान धरून रडताय. आमच्या सूनबाई म्हणाल्या, कांद्याची काही रेसिपी असेल."

माईकला बाजूला एक बारीक बटण असतं. ते दाबावं लागतं.

"मुनीरभाई, मला सांगायचं होतं की..."

"काही बोलू नका काका, मला लाज वाटते. तो माईक मीच तुम्हाला विकलेला. पुन्हा खराब माल दिला तुम्हाला. माफ करा मला."

आणि मी गप्प बसलो. मी!

परवा पनवेलहून पार्सल आलं. आत नवा माईक आणि चिठ्ठी: 'काका, या वेळी वास घेऊन पाठवलाय.'

मीही नाकाशी नेऊन बघितला. एरंडेलाचा वास येत होता. माईकला नव्हता, सकाळीच वर्षाचा तांदूळ चोळायला बसलो होतो, माझ्याच हातांना येत होता.