आबांचे ठोके

सातपूरच्या कारखान्यातली शिफ्ट संपली की मी रोज पळायचो आणि शंभर किलोमीटरच्या शर्यतींसाठी गावोगाव हिंडायचो. "लय पळतो, पण निफाडला यायला तुला वेळ नाय," आबा, म्हणजे माझे वडील, म्हणायचे. त्यांचं हृदयाचं दुखणं निघालं तेव्हा मी त्यांच्या मनगटावर स्मार्टवॉच बांधलं. त्यांचे ठोके माझ्या मोबाइलवर दिसायला लागले.

द्राक्षांचं डिपिंग, म्हणजे घड औषधाच्या मगात बुडवायचं काम, सुरू झालं की आबा ते घड्याळ काढून मांडवाच्या तारेला अडकवायचे. मग मोबाइलवर आकड्याच्या जागी नुसत्या दोन रेघा यायच्या.

गेल्या हिवाळ्यात कर्नाटकातल्या एका शर्यतीत, सत्तराव्या किलोमीटरला, केळं खाता खाता मी मोबाइल पाहिला. दोन रेघा. दिवस डिपिंगचेच होते. "म्हातारा लागला कामाला," असं शेजारच्याला हसत सांगून मी मूर्खासारखा उरलेले तीस किलोमीटर पळालो. मेडल गळ्यात पडल्यावर आईचा फोन लागला. ती जेवण घेऊन बागेत गेली, तेव्हा आबा वेलींखाली पडलेले होते. घड्याळ मनगटावरच होतं.

डिपिंग दोन दिवस आधीच संपलं होतं. सगळ्या गावाला ते ठाऊक होतं, मला नव्हतं. रोज ठोके दिसतात म्हटल्यावर मी आबांना फोन करायचंच सोडलं होतं.