साडूंचा भुशाचा एप्रन

जगात टाकाऊ काहीच नसतं, असं भाषणात सांगणारे पुष्कळ भेटतात. पण ऑम्लेटच्या गाडीखालच्या टरफलांच्या डब्याकडे आमच्या साडूंइतक्या आशेने पाहणारा माणूस चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन्ही जिल्ह्यांत शोधून सापडायचा नाही. राइस मिलमध्ये मिस्त्री असलेले हे गृहस्थ सुटीच्या दिवशी धानाचा भुसा, नदीकाठचे शिंपले, बांबूचा चुरा असं काहीबाही पोत्यांत भरून घरी आणतात, अंगणात प्लास्टिकच्या तुटक्या खुर्च्या वितळवतात, त्यात हे सगळं कालवतात आणि दाबून त्याच्या पाट्या पाडतात. त्यांच्याकडे गेलं की आम्ही नातेवाईक बसल्या खुर्चीवरून उठत नाही. न जाणो, परत येईस्तोवर ती कढईत गेलेली असायची! खनिजाच्या ट्रकांतून रस्त्यावर सांडणाऱ्या लाल धुळीला सारा गाव शिव्या देतो, पण साडू सकाळीच झाडू आणि सूप घेऊन हजर. "लोखंड आहे भाऊ हे," मला म्हणाले, "फुकटात घरापुढं येऊन राह्यलं, अन् लोक नाकाले रुमाल लावते."

या खटाटोपाला कारण होतं, आणि ते कारण म्हणजे त्यांची बायको, माझी धाकटी मेहुणी. ती अहेरीपलीकडच्या एका सरकारी दवाखान्यात एक्स-रे काढते. किरणांपासून बचाव म्हणून घालायचा तिचा शिशाचा एप्रन इतका जुना झाला होता की वरच्या कापडाला ठिगळं लागली होती. आतलं शिसंही तडकलं असावं, अशी तिला शंका होती. पण पाहून करायचं काय, दुसरा एप्रन तर नव्हताच, म्हणून ती पाहत नसे. नवा मागितला की उत्तर यायचं, जुना निकामी ठरल्याशिवाय नवा नाही, आणि निकामी ठरवायला कमिटी यावी लागते. कमिटी पावसाळ्यात येत नाही, कारण पूल बुडतात. उन्हाळ्यात येत नाही, कारण ऊन असतं. आणि हिवाळ्यात येते ती थेट भामरागडचा संगम पाहायला निघून जाते. तीन वर्षं असं चाललं. शेवटी साडू म्हणाले, "सरकार नाई देत त मी देतो."

त्यांच्या पहिल्या एप्रनात भुशाबरोबर मोहाचा चोथा होता. दारू गाळून उरलेला हा चोथा फार चिकट, मिश्रण छान धरतो, असा त्यांचा शोध. आता गडचिरोली म्हणजे दारूबंदीचा जिल्हा! मेहुणीने जुन्या एप्रनवरून हा चढवला, बंद खोलीत तो तापला, आणि हात मोडलेला एक म्हातारा कण्हायचं थांबून हळूच म्हणाला, "बाई, इथी बी भेटते काय?" दुसऱ्या दिवशी पोलीस हवालदार वास घेत आले. मेहुणीने तो एप्रन घरी आणून आदळला. "मले नोकरी करू द्याची आहे का नाई?" साडू शांतपणे म्हणाले, "वास येते त काय झालं? किरणं त नाई येत!"

येत होती. पाटीखाली किल्ली ठेवून मेहुणीने फोटो काढला, तर किल्ली दातांसकट हजर. "पण जराशी अंधुक आहे," साडू म्हणाले, आणि पाटीची जाडी वाढवायला लागले. एक बोट झाली, दोन बोटं झाली, मग वीतभर. दर वेळी किल्ली थोडी फिकट यायची. मी म्हटलं, "अजून वर्षभराने किल्ली दिसणार नाही, पण एप्रनाआड मेहुणीही दिसणार नाही!" सगळे हसले. साडू भुसा चाळत राहिले.

आणि एका हिवाळ्यात कमिटी खरंच उगवली. साडूंनी मिलमधून सुटी घेतली, हातगाडीवर पाटी घातली आणि मलाही ओढत नेलं. साहेबांनी विचारलं, "याला मान्यता कुणाची?" "मान्यता राहू द्या साहेब. एकीकडं माही पाटी, एकीकडं तुमचा एप्रन, दोन्हीखाली एकेक किल्ली. काढा फोटो!"

फोटो आला. साडूंच्या पाटीखालची किल्ली धुक्यात असल्यासारखी दिसत होती. सरकारी एप्रनात मात्र काळ्या भेगांचं जाळंच होतं, आणि ऐन छातीशी किल्ली हातात धरावी इतकी स्वच्छ. साहेबांनी जागच्या जागी सही केली. मी साडूंची पाठ थोपटायला वळलो, तर ते फोटोतल्या भेगांवर बोट ठेवून उभे होते. बायकोकडे पाहत एवढंच म्हणाले, "हे घालून उभी राहत होती तू?"

महिन्याभरात नवा एप्रन आला. तेव्हापासून साडूंच्या अंगणातली चूल विझली ती विझलीच. परवा मेहुणीचा फोन आला. "भाऊजी, येऊन जा न. पह्यल्यासारखी मस्करी करा त्यायची. नुसते चूप बसून राह्यते." मी गेलो. चेष्टेचं एक वाक्यही घोकून नेलं होतं. साडूंनी चहा पुढे केला आणि म्हणाले, "भाऊ, माह्या पाटीचे इतके फोटो काढले आपण. पह्यल्याच दिवशी तिच्या एप्रनचा एक काऊन नाई काढला?"

त्यांना निदान काही करून पाहायचं तरी सुचलं होतं. मी सगळा वेळ नुसता हसत होतो.