विजेच्या पेटीसमोर नवऱ्याचं नाव

त्या वर्षी माझ्या बायकोला मुदतीचा ताप आला. ताप गेला, पण जाताना तिची बरीचशी आठवण घेऊन गेला. भाजीत दोनदा मीठ पडू लागलं. शेजारणीला ती विचारी, "तुमी कोनाच्या?"

आईनं निकाल दिला, "किन्हीराजाले, बापाकडं नेऊन घाल. बरी झाली की पाहू."

अशी धाडलेली सून परत येत नसे, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. तिलाही. तेवढं तिच्या नीट ध्यानात होतं.

मी आईला बाजाराच्या दिवसापर्यंत थांबवलं आणि शिरपूरच्या बाजारातून विजेच्या पेटीवाल्याला घरी आणलं. डोळ्यांत सुरमा, अंगात मखमली जाकीट, आवाज नाटकातल्या राजाचा. लाकडी पेटीचा दांडा फिरवला की आत वीज तयार होई. ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या पितळी चकत्या त्यानं तिच्या कानशिलांना लावल्या.

"दिमागात जे अटकून राह्यलं, ते सुटते आता," तो म्हणाला आणि दांडा फिरवला. तिच्या पापण्या थरथरल्या. "बोल बाई, माहेर कोनतं?"

"किन्हीराजा."

आम्ही माना डोलावल्या.

"घरधन्याचं नाव?"

तिनं पदर पुढं ओढला आणि खाली पाहिलं.

"नाई आलं," तो गंभीरपणे म्हणाला आणि जोरात दांडा फिरवला. तिच्या बांगड्या वाजल्या. पुन्हा तोच सवाल, पुन्हा खाली मान. आईनं सुस्कारा सोडला. आमच्याकडे बायको नवऱ्याचं नाव घेत नाही, सासूसमोर तर नाहीच. हे पेटीवाल्याला सुचलं नाही, आईला नाही, मलाही नाही. तिची आठवण परत आणायला बसलेल्या आम्हा तिघांची आठवण गेली होती.

तो पुन्हा दांड्याकडे वळला, तेव्हा तिनंच दांडा धरला. पदराआडून मला म्हणाली, "अवो, तुमीच सांगा न याले. का तुमालेबी याद नाई?"

आई माझ्याकडे वळली. मग पोट धरून हसली.

"उचल बाबा तुही पेटी," ती म्हणाली. "लावाचीच असंन त याले लाव. सून कुठं जात नाई."

विजेनं काय केलं, मला सांगता येत नाही. आमचं लग्न तिला काही आठवलं नाही. मी ते तिला पुष्कळदा सांगितलं, आणि दर वेळी वरात थोडी वाढवली. घोडा तर फार नंतरच्या खेपेला घातला. ती सगळं ऐकून घेते आणि म्हणते, "असंन."